अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय, पोरगं भिंतीकडे तोंड करून पडलंय

तळ्याकाठची | बुधवार, रात्री १२.५०

हॉस्पिटलमधून लिहितेय. घोडबंदर रोडला आहोत, पाचवा मजला, चार बेडची खोली. चिरंजीव साडेपाच वर्षांचे. आत्ता झोपलाय, म्हणजे मॉनिटरच्या टुंयटुंयीत जेवढं झोपता येतं तेवढा. मी त्या बाकावर, जो उघडला की पलंग होतो आणि बरोबर कमरेखाली दांडी येते. ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल.

हकिगत अशी. शनिवारी बेंबीपाशी दुखतंय म्हणाला. शेजारी वाढदिवस होता, केक-वेफर्स झालेले, म्हणून ओवा दिला, बेंबीवर हिंग लावला. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. रविवारी उलट्या, संध्याकाळी ताप, दुखणं उजवीकडे खाली सरकलं. सोमवारी सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाई त्याला एवढंच म्हणाल्या, "दोन उड्या मार बघू." त्याला एकही मारता येईना. लगेच सोनोग्राफी आणि संध्याकाळी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. अपेंडिक्स फुटलेलं निघालं. सर्जन म्हणाले, इतक्या लहान मुलांत बऱ्याचदा फुटल्यावरच कळतं, त्यांना नेमकं सांगता येत नाही. ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुर्बिणीतून झालंय, त्यामुळे छेद तीनच आणि बारीक. पण आत पू होता म्हणून उजव्या कुशीत ड्रेनची नळी, नाकातून पोटात एक नळी, डाव्या हाताला फळी बांधून सलाईन. तोंडाने पाण्याचा थेंबही नाही.

आता खरं दुखणं. सुई लावताना मी त्याला सांगितलं, "काही टोचणार नाहीये." ओटीत नेताना सांगितलं, "पोटाचा फोटो काढायचाय फक्त." दोन्ही वेळा हसून सांगितलं. शुद्धीवर आला तो किंचाळतच. मला ढकलत होता, ओळखत नव्हता. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. बाबाशी बोलतो, मोजकं. मी जवळ गेले की भिंतीकडे तोंड. सर्जन म्हणतात उठवा, चालवा, खोल श्वास घ्यायला लावा, नाहीतर आतडी सुस्त राहतात, छाती भरते. हा बेडवरून पाय खाली सोडत नाही. आज फिजिओच्या मॅडमनी आणि मी मिळून उभा केला तर असा रडला की शेजारच्या बेडवरचं बाळ उठलं.

कोणी यातून गेलंय का? "काळजी घे, देवावर विश्वास ठेव" यापलीकडचं काही असेल तर लिहा. विश्वास आहेच, पण तो पोराला चालवत नाहीये.


अर्धाकप | बुधवार, रात्री १.१०

जागी आहे गं. माझ्या लेकीचे टॉन्सिल्स काढले तेव्हा ती चारची होती. शुद्धीवर येताना अगदी हेच. मला लाथ मारली, "माझी आई कुठेय" म्हणून माझ्याच तोंडावर ओरडली. भूलतज्ज्ञ बाईंनी नंतर समजावलं की हा भुलीचा भाग असतो. शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांत फार दिसतो, अर्धाएक तास टिकतो, आणि मुलांना नंतर त्यातलं काही आठवत नाही. तेवढं तरी मनातून काढून टाक. ढकललं ते तुला नव्हतं.

पण "फोटो" त्याला आठवत असणार. त्याची माफी मागायला लागेल बाई तुला. मी मागितली होती, एका आइस्क्रीमवर मिटलं. तुझ्याकडे आत्ता आइस्क्रीमचीही सोय नाही.


खाडीकाठ | गुरुवार, सकाळी ७.१५

लवकर बरा होईल. पण एक सांगतो, राग मानू नका. आमच्या वेळी आईवडील एवढं मनावर घेत नसत. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, रात्री वॉर्डात एकटाच. मुकाट पडून होतो. मुलांना जितकं विचारत बसाल तितकी ती डोक्यावर बसतात. थोडं दटावून उभं करा, चालेल.


उंबरठा | गुरुवार, सकाळी ७.५०

काका, "मुकाट पडून होतो" हे तुम्हीच लिहिलंत, आता पन्नासएक वर्षांनी तेच आठवतंय तुम्हाला. हर्निया नाही आठवत.

हा वाद जुना आहे. इंग्लंडात कित्येक वॉर्डांत आईबापांना ठरावीक वेळीच भेटू देत, काही ठिकाणी तर आठवड्यातून एकदा. पोर पहिले दिवस रडे, मग गप्प होई, आणि सगळे म्हणत "रुळलं." ते रुळणं नव्हे, आशा सोडणं आहे, असं निरीक्षणांतून पुढे आलं. १९५९ साली तिथल्या प्लॅट समितीने सरकारला अहवाल दिला की भेटीची बंधनं काढा, लहान मुलाजवळ आईला राहू द्या. आपल्याकडे आई बेडखाली चटई टाकून राहतेच. ते आपण कुठल्या अहवालावाचून करत होतो, एवढं श्रेय घेऊया.

तळ्याकाठची, तो भिंतीकडे वळतोय म्हणजे रागावलाय. रागावलेला बरा. ज्याच्याकडून अजून काही अपेक्षा आहे त्याच्यावरच माणूस रागावतो.


निवृत्त सिस्टर | गुरुवार, सकाळी ८.२०

मुली, मी नेरूळला असते, ३१ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी मुलांच्या वॉर्डात. नीट वाच.

सगळ्यात आधी दुखणं. आपण विचारतो "दुखतंय का?" आणि पोर म्हणतं "नाही." का? कारण "हो" म्हटलं की इंजेक्शन येतं हे त्याने पाहिलंय. तेव्हा त्याला सांग की दुखण्याचं औषध सलाईनच्या नळीतून जातं, नवीन टोचावं लागत नाही. आणखी एक. हातात आता सुई नाहीच. सुई नस सापडली की काढून घेतात, आत मऊ प्लास्टिकची बारीक नळी राहते. बऱ्याच आयांनाही हे माहीत नसतं आणि पोरं हात दगडासारखा धरून ठेवतात. सिस्टरला सांग, एक नवी कॅन्युला, म्हणजे हीच सुई-नळी, उघडून दाखवायला. मी मुलांना नुसती प्लास्टिकची नळी हातात द्यायचे, वाकवून बघायला.

दुखणं आकड्यात विचारू नको. चेहऱ्यांचा तक्ता असतो, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा तोंडं, तीन वर्षांपुढच्या मुलांना चालतो. नसला तर कागदावर काढ. बोट ठेवायला सांग. आणि डॉक्टरांनी वेळेवर द्यायचं लिहिलेलं औषध वेळेवरच घ्यायचं, रडण्याची वाट बघायची नाही. औषध गेल्यावर अर्ध्यापाऊण तासाने चालवायचं. तुम्ही काल उभा केलात तेव्हा शेवटचा डोस किती वाजता झाला होता, बघ जरा.

खोकला आला तर पोटाशी उशी घट्ट धरून खोकायचं. खांदा दुखतोय म्हणाला तर घाबरू नकोस, दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरतात, त्याने एकदोन दिवस खांद्यात कळ येते. खोल श्वासासाठी "श्वास घे" म्हणून कोणी मूल घेत नाही. भिरभिरं आण. साबणाचे फुगे चालतील, पण ते बेडवर सांडतात आणि मग मावशी तुला बोलतात.

शेवटचं. ड्रेसिंग, सुई, जे काही दुखवायचं असेल ते शक्यतो ट्रीटमेंट रूममध्ये न्यायला सांग. बेडवर नको. बेड त्याचं घर आहे. आणि दर वेळी खरं सांग. "टोचेल, तीन मोजेपर्यंत." मग खरोखर तीनच मोज, साडेतीन नाही. कोणत्या हाताला, पट्टी कोण काढणार, तो की सिस्टर, असलं निवडायला त्याला दे. "टोचू का?" असं मात्र विचारू नकोस. तो नाही म्हणेल, आणि तू तरी टोचवशील.


पनवेलची पोर | गुरुवार, दुपारी २.०५

वाचतेय. भाच्याचं हृदयाचं ऑपरेशन व्हायचंय, जन्मतः छिद्र आहे. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनीत, तिथे मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात. बहीण-मेव्हणे जालन्याहून आमच्याकडे उतरलेत. सिस्टरताई, भाचा तीन वर्षांचा आहे. त्याला किती आधी सांगायचं? बहीण म्हणते त्या दिवशीच सांगू.


निवृत्त सिस्टर | गुरुवार, दुपारी ३.३०

तीन वर्षांच्याला एकदोन दिवस आधी पुरे, आठवडाभर आधी सांगितलं तर तो आठवडाभर तेच घोळवेल. सात-आठ वर्षांच्याला आठवडा आधी सांगावं, त्याला प्रश्न असतात. छातीचं हाड उघडून करणार असतील तर घरी आल्यावर सगळ्यांना एक सांगून ठेव, विशेषतः आजोबांना: काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेपाठी-पाठीला, दुसरा ढुंगणाखाली, असं ओंजळीत घेतल्यासारखं उचलायचं. साधारण सहा आठवडे, किंवा ते सांगतील तितके दिवस.


तळ्याकाठची | गुरुवार, रात्री ११.४०

सगळ्यांना उत्तरं देते, आधी आजचं सांगू दे.

सिस्टरताई, बघितलं. काल उभा केला तेव्हा डोस होऊन साडेपाच तास झाले होते. पुढचा द्यायची वेळच आली होती. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही.

आज ९ ला औषध गेलं. मी उशाशी न बसता पायाशी बसले. म्हटलं, "मी तुला दोन वेळा खोटं सांगितलं. टोचणार नाही म्हटलं, टोचलं. फोटो म्हटलं, तो फोटो नव्हता, ऑपरेशन होतं. माझं चुकलं." काही नाही. भिंत. मग म्हटलं, खरं काय झालं ते सांगते. पोटात प्रत्येकाला करंगळीएवढं एक शेपूट असतं, आजी पेपरात वाचते ना आंत्रपुच्छ, ते. तुझं खराब झालं आणि फुटलं, म्हणून दुखत होतं. डॉक्टरांनी तुला गाढ झोपवलं आणि ते काढून टाकलं.

बराच वेळ काही नाही. सलाईनचे थेंब मोजत बसले. मग भिंतीलाच विचारल्यासारखं, "माझं शेपूट कुठे ठेवलंय?"

बाटलीत घालून तपासायला पाठवलंय म्हटलं.

"परत लावणार?"

"नाही. त्याच्यावाचून चालतं."

पुन्हा शांत. मग वळला. नाकातली नळी सांभाळत, हळूच, आणि ड्रेनच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, "मी उभा राहिलो की इथून बाकीचं पण पडेल."

अहो, हे होतं! तीन दिवस आम्ही त्याला हट्टी म्हणतोय, चॉकलेटं कबूल करतोय (ज्याला पाणीसुद्धा बंद आहे त्याला), आणि हा आपली आतडी सांभाळत पडलाय. मला रडू आलं, ते मी बाथरूममध्ये जाऊन आवरलं. बाहेर येऊन सिस्टरना सांगितलं. या केरळच्या आहेत, त्याला "मोने" म्हणतात, म्हणजे बाळा. नवऱ्याने त्याचं कापडी माकड आणलं होतं. त्यांनी माकडाच्या कुशीला सलाईनच्या नळीचा तुकडा लावला, वरून खरी पट्टी, आणि त्याचीच पिशवी असते तशी एक लहान पिशवी. मग माकड बेडवर उड्या मारून दाखवलं. काही पडलं नाही. "नळी आत टाक्याने बांधलीये, आणि भोक नळीएवढंच आहे," असं त्यांनी माकडाला समजावून सांगितलं, त्याला नाही. मी विचारलं माकडाचं शेपूट पण काढायचं का, तर म्हणे, "नको, त्याचं बाहेर आहे, ते चांगलंय."

साडेदहाला तो उतरला. ड्रेनची पिशवी बाबाने सेफ्टी पिनेने शर्टाला अडकवली, मी सलाईनचा स्टँड ढकलत मागे. बेडपासून खिडकी अकरा पावलं आहे, त्याची. खिडकीतून मेट्रोचं काम दिसतं. जन्मात पहिल्यांदा मी त्या मेट्रो ४ च्या खांबांना आणि बॅरिकेडना दुवा दिला. आधी दोन क्रेन मोजून परत, दुपारी चार क्रेन आणि एक काँक्रीटची गाडी. संध्याकाळी पावसात काही दिसेना तर चिडला.

आणि ऐका. सर्जन रोज दोनदा येऊन विचारतात, "गॅस पास झाला का?" आतडी सुरू झाल्याची ती खूण, त्याशिवाय खायला नाही. आमचा नाही नाही म्हणून मान हलवतो. आज संध्याकाळी मला विचारतो, "गॅस तर आपल्या घरी आहे ना, मी इथे कसा पास करू?" मी म्हटलं, अरे, तू पादलास का? तर म्हणे, "हो. सकाळीच. दोनदा."

नवऱ्याने ऐरोलीला ऑफिसात फोनवर ही बातमी ऐकली आणि म्हणे मीटिंगमध्ये "येस!" म्हणाला. नाकातली नळी उद्या काढतील. चमचाचमचा पाणी सुरू होईल.


अर्धाकप | गुरुवार, रात्री ११.५५

हसून हसून डोळ्यांत पाणी. त्या सर्जनना कोणीतरी मराठी शिकवा.


खाडीकाठ | शुक्रवार, सकाळी ६.४०

बाई, मी माझे शब्द मागे घेतो. भोकातून बाकीचं पडेल ही भीती मला टाक्यांची वाटत होती, आज आठवलं. कोणाला सांगितली नव्हती.


उंबरठा | शुक्रवार, सकाळी ९.१०

काका _/\_

अवांतर: पोराला गोष्ट हवी असेल तर. अपेंडिक्स काढल्याचं पहिलं नोंदलेलं यशस्वी ऑपरेशन एका मुलाचंच आहे. १७३५ साल, लंडन, ११ वर्षांचा मुलगा. त्याने टाचणी गिळली होती, ती अपेंडिक्समध्ये जाऊन बसली. क्लॉडियस अम्यांड नावाच्या सर्जनने काढली. तेव्हा भूल नव्हती, ती आली त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी. तो भाग गाळून सांगा.


दोन लेकींचा बाबा | शुक्रवार, सकाळी ११.२५

भेटायला येणाऱ्यांवर कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. धाकटीच्या ऑपरेशनला आमच्याकडे एक नातेवाईक, नाव नको, फरसाणाचा पुडा घेऊन आले आणि तिचं तोंड बंद असताना तिच्यासमोर बसून आम्हाला आग्रह करकरून खाल्लं. पोरगी त्या शेवेकडे बघत होती ते मी विसरणार नाही. दुसरे येऊन सांगून गेले की त्यांच्या ओळखीत एकाचे टाके उसवले. मी सरळ वॉचमनला सांगितलं, पास माझ्याकडे आहे, मी खाली आल्याशिवाय कोणाला वर सोडू नका. वाईटपणा बाबाने घ्यावा. तेवढं एक काम आपल्याला नीट जमतं.

आणि आईला जेवायला पाठवा. घरी आंघोळ करून तीन तास झोपू दे. मुलं आईशिवाय तीन तास राहतात, फक्त जाताना सांगून जायचं. झोपल्यावर गुपचूप सटकायचं नाही. परतायची वेळ घड्याळात दाखवून जा.


तळ्याकाठची | सोमवार, रात्री ९.१५

घरी आलो. हुश्श.

शुक्रवारी पाणी, मग शहाळं, शनिवारी तांदळाची पेज मीठ-तूप घालून. पहिला चमचा घेतल्यावर "अजून" म्हणाला ते माझ्या कानात आहे. रविवारी अर्धी इडली आणि ड्रेन काढला. त्याला आधी सांगितलं की ओढल्यासारखं विचित्र वाटेल, पाच मोजेपर्यंत. पाचला निघाली नाही, सातला निघाली. त्याने सर्जनकडे असं पाहिलं, मी सांगते, की ते "सॉरी" म्हणाले.

डिस्चार्ज मात्र सकाळी १० ला सांगितला आणि टीपीएची (विम्याचे दावे बघणाऱ्या मध्यस्थ कंपनीची) मंजुरी आली संध्याकाळी ५ ला. सलाईन निघालेलं, कपडे घातलेले, पोर पिशव्यांवर बसलेलं. त्यात कापूरबावडीला नेहमीचं ट्रॅफिक.

घरी दुखण्याला पॅरासिटामॉलचं सिरप लिहून दिलंय. आमच्याकडे आधीची एक बाटली आहे, तीच चालेल का?


औषधवाला | सोमवार, रात्री ९.४०

थांबा, बाटली बघा आधी. माझं कोपरीला मेडिकल आहे, हा घोळ रोज बघतो. हे सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचंही येतं आणि २५० चंही, नाव तेच, खोकंही जवळपास तसंच. वजन किती मुलाचं? समजा १८ किलो. साधारण किलोला १५ मिलिग्रॅम धरून २७० होतात. म्हणजे २५० च्या बाटलीतून ५ मिलीच्या आसपास आणि १२० च्या बाटलीतून ११ मिलीच्या आसपास. आता चिठ्ठीवर एका बाटलीचे मिली आणि हातात दुसरी बाटली असेल तर डोस दुप्पट तरी होतो नाहीतर निम्मा तरी. डॉक्टरांनी जी लिहिली तीच घ्या, टोपणावरच्या मापाने किंवा सिरिंजने द्या, घरातल्या चमच्याने नको. ताप-सर्दीच्या सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, ते सोबत देऊ नका. आणि मोठ्यांची डोकेदुखीची गोळी अर्धी करून तर मुळीच नाही, अ‍ॅस्पिरिन मुलांना चालत नाही.

कॅशलेसबद्दल: विमा नियामकाने २०२४ मध्ये आदेश काढलाय की हॉस्पिटलने डिस्चार्जची विनंती पाठवल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची, उशिरामुळे वाढलेला खर्च विमा कंपनीने सोसायचा. हॉस्पिटलने विनंती किती वाजता पाठवली ते विचारायचं असतं. बऱ्याचदा फाईलच दुपारी वर जाते.


तळ्याकाठची | सोमवार, रात्री ९.५२

आमची १२० ची निघाली. चिठ्ठीत २५० ची आहे. फेकली.


तळ्याकाठची | गुरुवार, पहाटे ३.२०

परत मीच. दिवसा छान आहे. रात्री मात्र दोन दिवस अंथरूण ओलं करतोय, जे तीनच्या वर्षी सुटलं होतं. दचकून उठतो. मी बाथरूमला गेले तरी दाराबाहेर उभा. आज आजीवर भात फेकला. सासूबाई म्हणतात हॉस्पिटलमध्ये लाडावला. मला काहीच कळत नाहीये.


निवृत्त सिस्टर | गुरुवार, सकाळी ७.००

लाडावला नाही. तिथे त्याला सगळं सोसावं लागलं, आता घर आहे म्हणून तो बाहेर काढतोय. अंथरूण, दचकणं, चिकटणं, तिरसटपणा, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मुलांचं ओसरतं. अंथरुणावर रबरशीट टाक, बोलू नको, हसू नको, आत्याला फोनवर सांगू नको. ते तो ऐकत असतो. महिनाभराने तसंच असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाल. शू करताना जळजळ किंवा ताप असेल तर थांबू नको, लगेच तपासणी. त्याला डॉक्टर-डॉक्टर खेळायला दे, आणि पेशंट तू हो.

तुला खरी नजर ठेवायचीय ती दुसऱ्या गोष्टीवर. अपेंडिक्स फुटलं असेल तर आत पुवाची गाठ पुन्हा होऊ शकते, घरी आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत. ताप परत आला, पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढली, उलट्या सुरू झाल्या, चिकट जुलाब लागले, किंवा छेदाशी लाल-गरम होऊन स्राव आला, तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी जायचं. अँटिबायोटिक्सचा कोर्स बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. शी घट्ट होऊ देऊ नको, पाणी, पपई, वरणभात. कुंथणं त्याला दुखेल आणि मग तो दाबून धरेल.


तळ्याकाठची | शनिवार, दुपारी १.३०

परवा दिवसभर घरात दवाखाना होता. मला चार सलाईनं लागली, सासूबाईंचं शेपूट काढलं. त्या आधी "मला नको रे बाबा" म्हणत होत्या, मग पलंगावर आडव्या झाल्या. त्याने त्यांच्या पोटावर हात ठेवून गंभीरपणे विचारलं, "आजी, पादलीस का?" सासरे तोंडात पेपर कोंबून हसत होते. त्या रात्री अंथरूण कोरडं. पुढच्या रात्री परत ओलं. असो.


पनवेलची पोर | शनिवार, दुपारी २.१५

भाच्याचं झालं बुधवारी. ठीक आहे, आयसीयूतून बाहेर. आदल्या दिवशीच सांगितलं होतं त्याला, बाहुलीवर दाखवून. ओंजळीतलं उचलणं मेव्हण्याला उशीवर शिकवलं मी.


तळ्याकाठची | तीन आठवड्यांनी, रविवार

धागा वर काढते, कारण बऱ्याच जणींनी विपूत (निरोप पाठवून) विचारलं.

बरा आहे. तपासणीला गेलो, छेद भरलेत, शेपटाचा रिपोर्ट आला, त्यात वेगळं काही नाही. शाळा या सोमवारपासून, फक्त पीटी आणि सायकल अजून काही आठवडे बंद. व्हॅनवाल्या काकांना सांगून दप्तर तेच चढवतात. अंथरूण आठवड्यापासून कोरडं. खाताना अजून मध्येच थांबून पोटावर हात ठेवतो, मी बघितलं न बघितल्यासारखं करते.

काल भावाकडे गेलो होतो कळव्याला. भाचीला पाचव्या वर्षाचं बूस्टर द्यायचं होतं, ती पलंगाखाली. वहिनी म्हणाली, "काही टोचणार नाही गं." मी तोंड उघडायच्या आत आमचे चिरंजीव पलंगाखाली गेले. आतून ऐकू आलं, "टोचतं. तीन मोजायचे. मग दुखतं थोडं, मग संपतं. मोठ्या माणसांना विचारायचं नाही, त्यांना नीट माहीत नसतं."

ती बाहेर आली. वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, तीन मोज, साडेतीन नको.


अर्धाकप | रविवार, संध्याकाळी ६.०५

ते भिरभिरं कुठून घेतलंस शेवटी? तलावपाळीला मिळतात का अजून?


तळ्याकाठची | रविवार, संध्याकाळी ६.२०

मिळतात, संध्याकाळी, भेळवाल्यांच्या पलीकडे. कागदी घे, प्लास्टिकचं फुंकून फिरत नाही, त्याला वारा लागतो.